आतून निळा जबडा

९ एप्रिल

चॅनेलच्या दारावरच्या पाटीतून आज 'शैक्षणिक' हा शब्द काढला. भिंतीत स्क्रूंची भोकं राहिली, त्यांवर चुन्याचा हात मारलाय, तोही घाईघाईत. पाटी उतरवणाऱ्याने मला विचारलं, मावशी, ह्या अक्षरांचं काय करू? मी सगळी अक्षरं पिशवीत भरून खाली वर्कशॉपमध्ये आणली. प्लास्टिक चांगलं जाड आहे, कुठे ना कुठे लागेल.

दुपारी नवे साहेब तळघरात उतरले. आल्यापासून पहिल्यांदाच. दार उघडणारं हृदय, अर्धा कापलेला ज्वालामुखी, मुंग्यांचं वारूळ, माझ्या सगळ्या मॉडेलांवरून नजर फिरवून म्हणाले, "फार जुनं झालंय सगळं." मी म्हटलं, हृदय अजून तेच आहे साहेब, नवीन आलेलं नाही. हसले नाहीत. हसायला वेळ लागणारा माणूस दिसतो.

मग काम सांगितलं. पाण्यात राहणाऱ्या प्रचंड प्राण्याचा जबडा हवाय, माणूस आत बसेल एवढा. असा प्राणी असता तर कसा दिसला असता, अशी कल्पना करून दाखवणारा कार्यक्रम आहे म्हणे. मी विचारलं, 'काल्पनिक' अशी पट्टी खाली राहील ना? म्हणाले, राहील की. आणि कार्यक्रम लागेपर्यंत घरी-दारी कुठे बोलायचं नाही.

वर्षभर नुसतं तुटलेलं जोडत बसले होते. खोटं कशाला बोलू, जीव हरखला.

घरी आले तर हे शिट्ट्या गरम पाण्यात घालून बसलेले. उन्हाळी वर्ग सुरू होतोय. ह्या गावातल्या निम्म्या माणसांना ह्यांनी तलावात ढकललंय आणि पोहायला शिकवून बाहेर काढलंय. सुटलेय ती मी एकटी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून दरवर्षी विचारतात, येतेस का पाण्यात? दरवर्षी मी नवीन कारण शोधते. आज विचारलं नाही, म्हणजे या आठवड्यात विचारतील.

१७ एप्रिल

हातांना प्लास्टर, केसांत थर्माकोल, आणि गुणगुणतेय. शेजारच्या खोलीतल्या संकलकाने दार लावून घेतलं.

खालचा भाग मगरीवरून घेतला, दाढा घोड्याच्या, सुळे माझ्या मनाचे. सुळ्यांचा साचा करताना एक जास्तीचा निघाला, तो कडेला चिरलाय. टाकून दिला.

आमच्या थोरल्या साहेबांची आठवण येत राहिली. त्यांनीच हे वर्कशॉप मांडलं आणि मला हाताशी धरलं. त्यांचे दोन नियम होते. पहिला, मॉडेल उघडलं पाहिजे. जे उघडत नाही ते मॉडेल नव्हे, शोपीस. दुसरा, जे नक्की ठाऊक आहे ते आतून पांढरं रंगवायचं आणि जिथे आपण अंदाज केलाय तिथे निळा रंग. 'उघडून पाहू' हा आमचा कार्यक्रम त्यावरच चालायचा. निवेदक मॉडेल उघडायचे, निळ्यावर बोट ठेवून विचारायचे, "निळं म्हणजे?" आणि समोर बसलेली सगळी मुलं ओरडायची, "अजून माहीत नाही." घराघरांत ओरडायची. आमच्या धाकट्या बहिणीने तर गणिताच्या पेपरात सुटत नव्हतं ते गणित निळ्या पेन्सिलीने रंगवून ठेवलं होतं. बाईंनी अर्धा मार्क दिला.

तो कार्यक्रम बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली.

२२ एप्रिल

जबड्याला भक्कम बिजागरी हवी. भांडारवाला म्हणतो, मागणीपत्र भरा, वरून मंजुरी येईल. त्याच्या मंजुरीपर्यंत तो प्राणी खरोखर जन्माला यायचा. शेवटी घरच्या स्वयंपाकघरातल्या उंच कपाटाची वरची बिजागरी काढून आणली. पितळी आहे, जुनी, पाच माणसांनी ओढलं तरी हलणार नाही. आता कपाटाचं दार एका बाजूने लोंबतंय. ह्यांच्या लक्षातही आलेलं नाही. घर पडलं तरी तलाव जागेवर आहे ना, एवढंच बघतील.

संध्याकाळी आतून रंगवायला बसले. पांढरा डबा उघडला आणि हसू आलं. यातलं नक्की काय ठाऊक आहे? काहीच नाही. मगर मगरीच्या जागी खरी, घोडा घोड्याच्या. डबा बंद केला आणि टाळूपासून घशापर्यंत सगळं निळं केलं. बाहेरून चहाचं पाणी आणि बुटपॉलिश चोळलं. बिजागरीलाही तोच हात मारला. इतकं झकास काम हातून बऱ्याच दिवसांनी झालं.

मीच जबडा मिटून चिकटपट्टीने आवळला, मग न्यायला आलेल्यांनी नेला.

६ मे

काय लिहू. लिहिते.

कार्यक्रमाचं नाव 'तळाशी कोण आहे?' आम्ही दोघं सोफ्यावर. ह्यांना काही सांगितलं नव्हतं, म्हटलं जबडा दिसला की बघू कसे चमकतात. सुरुवातीलाच पाणी दिसलं, धुकं, आणि धुक्यात आपल्या धक्क्यावरचा तो वाकडा दिव्याचा खांब. आपलाच तलाव. स्टुडिओपासून जवळ, त्यामुळे स्वस्तात पडला असणार.

मग एक प्राध्यापक आले. मी त्यांना ओळखते. केशभूषेच्या खोलीत दाढी चिकटवून घेताना पाहिलंय. टूथपेस्टच्या जाहिरातीत मेव्हणा असतो तो. हा दाढीवाला गंभीर आवाजात सांगतो की पाणबुड्यांना तळाशी एक अवशेष सापडला, आणि कापड बाजूला होतं. माझा जबडा. वरून शेवाळ लावलेलं.

काल्पनिकची पट्टी मी डोळे ताणून शोधत होते. शेवटी नावांच्या यादीखाली आली, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि वाचेपर्यंत गेली.

जबडा मागून दाखवला तेव्हा ह्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. "दात छान आहेत," एवढंच म्हणाले.

ह्यांच्या तलावात हा प्राणी मी माझ्या हातांनी सोडला, आणि ह्यांना त्याचा पत्ता नाही. सांगायला तोंड उघडलं आणि 'चहा करू?' असं विचारलं.

८ मे

वर्गाला कोणी आलं नाही. काल एकाचा कान दुखत होता, एकीकडे पाहुणे आले होते. आज सगळ्यांचेच कान दुखतायत. एका आईने तेवढं सरळ सांगितलं, मास्तर, तुमच्यावर विश्वास आहे, पण मुलगी पायऱ्या पाहूनच रडते. आंघोळीच्या टबातही बसत नाही.

हे शिट्टी गळ्यात घालून दुपारपर्यंत पायरीवर बसले. मी डबा घेऊन गेले तेव्हा धक्क्यावर चार माणसं दुर्बिणी लावून उभी होती. ह्यांनी शांतपणे त्यांच्यासमोर तलाव पोहून पार केला आणि परत आले. दुर्बिणवाला म्हणाला, मास्तर नशीबवान आहेत. म्हणजे पोहता येतं हे गेलं कुठे आणि नशीब आलं कुठून.

कपडे बदलायच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली काहीतरी अडकवलं होतं. वाकून पाहिलं तर माझा चिरलेला सुळा. स्टुडिओबाहेरच्या कचऱ्यातून ह्यांनी उचललेला दिसतोय. ह्या माणसाला काहीही सापडलं की लावलं कुठेतरी. कशाचा आहे याचा विचारसुद्धा केला नसेल.

९ मे

साहेबांकडे गेले. ॲप्रन काढायचीही सवड घेतली नाही.

त्यांनी बसा म्हटलं, मी उभी राहिले. म्हटलं, जे सापडलं नाही ते सापडलं म्हणून सांगितलंत. ते म्हणाले, "मावशी, आम्ही सांगितलं कुठे? कार्यक्रम पुन्हा पाहा. प्रत्येक वाक्य प्रश्न आहे. तळाशी कोणी असेल का? प्रशासन काही लपवतंय का? प्रश्न विचारणं हेच शिक्षण, नाही का?"

मी म्हटलं, आम्ही प्रश्न विचारायचो तेव्हा उत्तर माहीत नाही हेही सांगायचो. आणि माझ्या घरच्या माणसाचा वर्ग तुमच्या प्रश्नांनी रिकामा केला. पुढच्या भागात स्पष्ट सांगा की जबडा वर्कशॉपमध्ये केलाय.

त्यावर त्यांनी मला दुसऱ्या भागाचं चित्र दाखवलं. अख्खा सांगाडा हवाय, कण्यासकट. हाताखाली दोन माणसं, नवीन अवजारं, वरच्या मजल्यावर खिडकीवाली खोली. सांगाडा म्हटल्यावर क्षणभर माझे हात शिवशिवले, हे इथे लिहून ठेवते. मग त्या चित्रातल्या कोपऱ्यात आपला वाकडा खांब दिसला. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर करू नका.

मी म्हटलं, साहेब, त्या पाण्यात मासाच नाही, तेच तर सांगतेय.

१३ मे

आता ज्याला त्याला सांगत सुटलेय. पटत कोणालाच नाही.

भाजीवालीला सांगितलं, अगं जबडा मी केलाय, या हातांनी. तिने टोमॅटो मोजता मोजता इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "असं बोलायला सांगितलंय ना तुम्हाला? कळतं आम्हाला. नोकरीचा प्रश्न आहे." वर चार टोमॅटो जास्त घातले. धाकटीला फोन केला, तर ती म्हणते ताई, तू केलेला तो वेगळा असेल, टीव्हीवरचा बघ, केवढा मोठा होता. गणिताला निळी पेन्सिल लावणारी हीच का ती.

खरं सांगावं तर तोच पुरावा होतो, गप्प बसावं तर तोही पुरावा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. माझ्या बाबतीत तर दात खरोखरच मी घडवलेत.

ह्यांना मात्र अजून सांगितलेलं नाही. सगळ्या गावाला सांगून झालं, घर राहिलं.

१९ मे

हे रोज जातात. रिकाम्या तलावाला शिट्टी वाजवतात, एकटेच पोहतात, येतात. कोणाला दोष देत नाहीत, आणि त्याचाच मला राग येतो. दिली असती एखादी शिवी तर मला बरं वाटलं असतं.

काल विचारलंच. "येतेस का पाण्यात?" मी गुडघ्यांचं कारण दिलं. "बरं," म्हणाले.

आज सकाळी पेचकस घेऊन कपाटापाशी उभे होते. मला वाटलं, चला, दिसलं एकदाचं. तर दाराचं लोंबतं टोक हाताने उचलून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेचकस पुन्हा खणात ठेवला. साधी बिजागरी लावता येत नाही. माझी चिडचिड झाली, म्हटलं राहू दे तसंच, पडू दे कोणाच्या तरी डोक्यावर. हे म्हणाले, "राहू दे. घाई नाही."

२४ मे

उद्या थेट प्रक्षेपण आहे. नगर सभागृहात लोकांसमोर जबडा ठेवणार, दाढीवाला बोलणार, लोक विचारणार. आणि जबड्याचा पुढचा सुळा हलतोय. नेताना कुठेतरी आपटलाय. साहेबांनी स्वतः खाली येऊन सांगितलं, मावशी, झालं गेलं विसरा, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही, ऐनवेळी निखळला तर अब्रू जाईल. कडेला उभ्या राहा, गरज पडली तर पटकन येऊन बसवा.

मी विचारलं, चिकटपट्टी काढलीत का? म्हणाले, हो, कधीच. पण आत काय आहे याबद्दल काही बोलले नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या मंडळींना तो उघडतो हेच माहीत नाही. मी सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हे माझ्या मनातच आलं नाही. आमच्याकडे मॉडेल उघडतंच. पाणी ओलं असतं हे कोणी सांगतं का? आणि साहेब कशाला उघडून बघतील, त्यांना तो बंदच हवा होता.

नोकरी जाईल. थोरल्यांचं वर्कशॉप जाईल, हृदय आणि ज्वालामुखी भंगारात जातील. लोक उलट मलाच हसतील, हेही शक्य आहे. भाषण लिहून काढलं, तीनदा खोडलं. तरीही, त्या बाईची मुलगी टबात बसत नाही हे मनातून जात नाही.

गोंदाची बाटली, कुंचला आणि घासायचा कागद पिशवीत भरला. जबड्यामागच्या खिट्टीला घालायला तेलही घेतलं.

२५ मे

घरी आले ती तडक वही उघडली.

सभागृह भरलेलं. मागे माणसं उभी. मधोमध काळ्या मखमलीवर जबडा, वरून लाल दिवा. हे मागच्या रांगेत येऊन बसलेले दिसले, मी बोलावलं नव्हतं. दाढीवाल्याने प्राण्याचं वजन सांगितलं, वय सांगितलं, स्वभावसुद्धा सांगितला. आणि बोलण्याच्या भरात टेबलावर हात आपटला तसा सुळा घरंगळला. लोकांनी श्वास रोखला. साहेबांनी मला खूण केली.

मी ॲप्रनमध्येच गेले, सुळा उचलला, गोंद लावला, बसवला. निवेदिका तरुण आहे, चांगली मुलगी आहे. तिला वेळ भरून काढायचा होता. तिने माइक पुढे केला आणि विचारलं, अवशेषाला हात लावताना भीती नाही वाटत?

"भीती कसली," मी म्हटलं. "मीच केलाय."

ती हसून म्हणाली, मावशी गंमत करतात. लोकही हसले. दाढीवाला तर जोरात हसला. भाषणातलं एक वाक्य आठवेना. तेव्हा मी मागे हात घातला, खिट्टी दाबली आणि जबडा उघडला.

पुरा उघडला, तळापर्यंत. लाल दिव्यात आधी तो काळाच दिसला. कोणीतरी, मला वाटतं वरच्या विजेच्या माणसाने, पांढरा दिवा लावला. आणि सगळा निळा दिसला. कुठे पांढऱ्याचा ठिपका नाही.

मी बोलणार होते, पण बोलावं लागलंच नाही. तिसऱ्या रांगेतला एक टक्कल पडलेला गृहस्थ आपल्याशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला, "निळं." निवेदिकेच्या हातात माइक तसाच होता. ती त्या निळ्याकडे बघत राहिली, तिचा चेहरा एकदम शाळेतल्या मुलीचा झाला, आणि तिच्या तोंडून गेलं, "निळं म्हणजे?"

सगळं सभागृह म्हणालं, "अजून माहीत नाही."

टक्कलवाले, चष्मेवाले, पोरंबाळं कडेवर घेतलेले, सगळे एका सुरात. त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही, आम्ही कधीच शिकवून ठेवलं होतं. मग जो हशा पिकला, त्यात भाजीवालीचा आवाज मला वेगळा ओळखू आला. दाढीवाल्याने दाढी खाजवली, ती एका बाजूने सुटली, आणि लोक पुन्हा हसले.

टीव्हीवर तेव्हा म्हणे जाहिराती चालू झाल्या होत्या. होऊ देत. गाव सभागृहात होतं.

२६ मे

काढून टाकलं. कारण लिहिलंय, संस्थेच्या मालमत्तेशी छेडछाड. माझ्या जबड्याशी मीच छेडछाड केली. साहेब अजून खचलेले नाहीत, पुढच्या भागाचं नाव ठरलंय: 'खरा जबडा कोणी पळवला?' मी त्यांना म्हटलं, पळवणारी म्हणून माझं नाव तेवढं ठळक घाला. मुंगीएवढ्या अक्षरांत नको.

हृदय ओटीशी धरून घरी आणलं, कोणी अडवलं नाही. 'शैक्षणिक'ची अक्षरंही आणली.

बिजागरी मात्र तिथेच राहिली.

२७ मे

सकाळी तलावावर गेले. मुलं आली होती, आईबापही. पण सगळे पायऱ्यांच्या वर. पाण्यात कोणी नाही. टबात न बसणारी ती मुलगी आईचा पदर धरून. आई मला म्हणाली, "खोटं आहे ते कळलं हो. पण कळून काय उपयोग, पाय उचलत नाही." खरं आहे. हसणं वेगळं आणि पाण्यात उतरणं वेगळं. हे पोहून दाखवून दमले होते. मास्तर उतरले म्हणून कोणाला धीर यायचा? ते तर पाण्यातच जन्मल्यासारखे.

पाण्याला घाबरणारी म्हणून गावात एकच बाई प्रसिद्ध आहे.

मी चपला काढल्या. गुडघ्यांचा विचार केला, मग गुडघ्यांना म्हटलं, गप्प बसा. पहिली पायरी गार, दुसरी निसरडी. तिसरीवर किंचाळले, आणि माझं किंचाळणं ऐकून ती मुलगी हसली. मी कमरेपर्यंत गेले, कपडे फुग्यासारखे वर आले, आणि पोरं खो खो हसायला लागली. एकाला राहवेना, त्याने माझ्या अंगावर पाणी उडवायला म्हणून उडी मारली. मग दुसऱ्याने. ती मुलगी आईचा हात धरून पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडून. आज तेवढंच, पण बसली.

हे माझ्याजवळ आले, एक हात पाठीखाली धरला आणि म्हणाले, आडवी हो.

"कपाटाची बिजागरी आणलीस का?" वर आभाळाकडे बघत ह्यांनी विचारलं.

मी नाकातोंडात पाणी घेतलं. म्हटलं, तुम्हाला कधी कळलं?

"टीव्हीवर मागून दाखवला तेव्हा. ती बिजागरी मी घासून लावलेली आहे, बुटपॉलिशने काय होतंय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू केलेलं आणि उघडत नाही, असं आजवर झालंय का? म्हटलं उघडशील."

तो सुळा, तो पेचकस, ते 'घाई नाही' सगळं एकदम डोक्यात आलं आणि मला रडू फुटलं. पाण्यात रडण्याचा एक फायदा आहे, कोणाला दिसत नाही. ह्यांना दिसलं असणार. पाठीखालचा हात तसाच होता. पायाला काही लागेना, तेव्हा मी विचारलं, इथे खाली काय आहे?

"निळं," हे म्हणाले, आणि हात काढून घेतला.

नाकात पाणी गेलं. बुडाले नाही.